लांबलेला स्वर

मैफलीची ध्वनिमुद्रिका ही वस्तू मुळातच थोडी संशयास्पद आहे. मैफल म्हणजे एका ठरावीक रात्री, ठरावीक माणसांसमोर घडलेली आणि तेथेच संपलेली गोष्ट. जो तेथे नव्हता त्याला ती मागाहून विकत देणे म्हणजे लग्नाला न आलेल्या पाहुण्याला घरपोच ताट पाठविण्यासारखे आहे. जिन्नस तेच, पण पंगत कुठे आहे? काचेच्या खोलीत बसवून, चुकले तर पुन्हा वाजवून घेतलेले मुद्रण कितीतरी निर्दोष असते. मग खुर्च्यांच्या कुरकुरीसकट आणि टाळ्यांसकट मैफलीचेच मुद्रण कोणी का ऐकावे? मला एकच उत्तर पटते. अशा मुद्रणात श्रोता ऐकू येतो. आपल्याकडे दाद ही संगीताच्या बाहेरची गोष्ट मानीत नाहीत. समेवर आलेली मान, नको तेथे पडलेली टाळी, आणि टाळी द्यायचे भान न उरल्यामुळे पडलेली शांतता, ही सारी त्या रात्रीच्या वादनाची अंगे असतात. तेव्हा मैफलीच्या तबकडीची परीक्षा करावयाची ती याच कसोटीवर, की समोर बसलेल्या माणसांमुळे वादनाला काही झाले का, आणि झाले असल्यास ते बरे झाले की वाईट.

या कसोटीवर मी जी तबकडी घासून पाहणार आहे तिचे नाव ‘रिमेम्बर शक्ती : सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’. डिसेंबर २००० मध्ये मुंबईत झालेल्या मैफलींचे हे मुद्रण २००१ साली बाहेर आले. प्रमुख वादक जॉन मॅक्लॉफ्लिन हे इंग्रज गिटारवादक, आणि त्यांच्या बरोबरीने माहीमचे झाकीर हुसेन.

आधी नावाचे पाहू. मुंबईचे नाव अधिकृतरीत्या मुंबई झाले ते १९९५ साली. त्यानंतर सहा वर्षांनी निघालेल्या तबकडीवर ‘बॉम्बे’ पाहून मराठी माणसाच्या कपाळाला एक आठी पडतेच, आणि ती पडू द्यावी. पण या नावामागे एक जुनी थट्टा आहे. ५ डिसेंबर १९८० रोजी मॅक्लॉफ्लिन, अल डि मिओला आणि स्पेनचे पाको दे लुसिया असे तिघे गिटारवादक सॅन फ्रान्सिस्कोत एकत्र बसले होते. त्या मैफलीची तबकडी ‘फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को’ या नावाने १९८१ मध्ये निघाली आणि जगभर खपली. (तिच्यातला शेवटचा तुकडा मात्र मैफलीतला नसून स्टुडिओतला आहे, तेव्हा पंगतीच्या ताटात घरचा लाडू घालण्याची ही रीत जुनीच.) तेथे शुक्रवार, येथे शनिवार. वीस वर्षांत एकच दिवस उजाडला, असा काहीसा तो विनोद. मला तो विशेष आवडला नाही, पण त्याच्यामुळे तुलना मात्र आपोआप होते. त्या शुक्रवारच्या मुद्रणात बोटांच्या वेगाला आरोळ्या पडतात. शनिवारच्या मुद्रणात काय पडते?

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मॅक्लॉफ्लिन यांचा जन्म १९४२ सालचा, यॉर्कशायरमधला. माइल्स डेव्हिस यांच्या तालमीत जॅझ संगीतात विजेची गिटार वाजविणाऱ्यांपैकी ते एक. १९७१ मध्ये त्यांनी ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ हा जथा काढला. नाव गुरूने, श्री चिन्मय यांनी दिलेले. आवाज मात्र मुळीच शांताकार नव्हता. रॉक संगीताचा दणदणाट, विजेची वाद्ये, आणि त्यांतून धावणारी विषम मात्रांची लय असे ते प्रकरण होते. ज्याला आपण विजेचा वादक म्हणू असा हा माणूस. आणि हाच माणूस १९७५ साली वीज खाली ठेवून, मांडी घालून, एल. शंकर यांचे व्हायोलिन, झाकीर हुसेन यांचा तबला, विक्कू विनायकराम यांचा घटम् आणि रामनाड राघवन यांचा मृदंगम् यांच्यामध्ये येऊन बसला. ‘शक्ती’ची पहिली तबकडी हीदेखील मैफलीचीच, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील एका कॉलेजात ५ जुलै १९७५ रोजी झालेल्या वादनाची. तिच्यातली गिटार बिनविजेची. एब वेक्टर या कारागिराने ती त्यांच्यासाठी मुद्दाम घडविली होती. नेहमीच्या तारांखालून तिरप्या जाणाऱ्या तरफांसारख्या तारा, आणि पडद्यांच्या मधले लाकूड खोलगट कोरलेले. हेतू हा, की तार दाबून, ओढून मिंडीसारखे काही काढता यावे. पाश्चात्य गिटारवादकाला आपल्या संगीतात शिरताना पहिली अडचण जाणवली ती कोणती, हे त्या कोरीव लाकडावरून कळते. ताल त्याला अडला नाही. स्वर त्याला अडला. कारण छेडलेल्या तारेचा स्वर जन्मताच मरू लागतो, आणि आपले संगीत तर दोन स्वरांच्या मधल्या वाटेवर राहते.

१९७५ मध्ये ती वाट शंकर यांच्या गजाने सांभाळली. १९९७ मध्ये जुने मित्र पुन्हा जमले आणि इंग्लंडमध्ये फिरले, तेव्हा ती हरिप्रसाद चौरसिया यांच्या श्वासाने सांभाळली. मग बासरी गेली आणि तिच्या जागी आले मेंडोलिन. येथे खरी गंमत सुरू होते. गज नाही, श्वास नाही. आहे ते एक छोटे, टणत्कार करणारे, परदेशी वाद्य. मेंडोलिनला चार जोड्यांनी आठ तारा असतात आणि स्वर टिकविण्याचा तिचा जुना उपाय एकच: नखी थरथरवत राहणे. जुन्या हिंदी चित्रपटगीतांत ती झिरमिळ आपण पुष्कळ ऐकली आहे. कर्नाटक संगीतातील गमक त्या झिरमिळीतून निघणे शक्य नाही, कारण गमकाला एकाच आघाताच्या पोटात स्वर हलवावा लागतो.

यू. श्रीनिवास यांनी हे केले. आंध्रातल्या पालकोल्लू गावी १९६९ मध्ये जन्मलेल्या या मुलाने वडिलांचे मेंडोलिन हाती घेतले, आणि त्याचे गुरू रुद्रराजू सुब्बराजू त्याला गाऊन शिकवीत. ते गायचे, हा वाजवायचा. (शिकविण्याची याहून चांगली रीत अजून निघालेली नाही, असे मी शाळामास्तर म्हणून सांगतो.) गळ्यातून आलेले तारेवर उतरवायचे तर तार जिवंत राहायला हवी. त्यांनी जोडतारा काढून टाकून एकेरी तारा ठेवल्या, पुढे त्या पाच केल्या, आणि वाद्य विजेचे घेतले. विजेच्या वाद्यात तारेखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. वरची पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात तशीच सूक्ष्म वीज थरथरते, आणि ध्वनिवर्धक ती मोठी करून सांगतो. शिवाय अंग भरीव लाकडाचे असले, तर तारेचा जोर पोकळ पेटी घुमविण्यात खर्च होत नाही. म्हणजे विजेने येथे आवाज मोठा केला हे खरे, पण त्याहून महत्त्वाचे काम निराळेच केले. स्वराचे मरण तिने पुढे ढकलले. ज्या क्षणी साधी तार ऐकू येईनाशी होते, त्या क्षणानंतरही श्रीनिवास यांचे बोट पडद्यावरून सरकत असते, आणि ते सरकणे आपल्याला ऐकू येते.

विजेचे हे दुसरे काम आपण विसरूनच गेलो आहोत, असे मला वाटते. आमच्या पिंपळगावात गणपतीच्या मिरवणुकीत वर्षानुवर्षे बेंजो पार्टी चालत असे. हा बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या कळांचा बुलबुलतरंग. त्याला वीज जोडून, गाडीवर कर्णे बांधून, बरोबर ढोलकी आणि ताशा घेऊन वाजवितात. छेडलेल्या तारेला वीज जोडून तिच्याभोवती चर्मवाद्ये उभी करणे ही कल्पना इंग्रजाने येऊन आम्हांस शिकविलेली नाही. ती आमच्या रस्त्यावर होतीच. पुढे डीजेच्या भिंती आल्या आणि बेंजो मागे पडला. आता वीज म्हणजे छातीवर बसणारा धक्का, एवढाच अर्थ माझ्या वर्गातल्या मुलांना ठाऊक आहे. संगीताला वीज लागते ती कशासाठी, असा प्रश्न मी एकदा नववीच्या वर्गात विचारला. “आवाज वाढवायला” हे उत्तर एकमुखाने आले. दुसरे उत्तर एकाही बाकावरून आले नाही.

म्हणून ही तबकडी मी एकदा आमच्याकडच्या एका जुन्या बेंजोवाल्याला ऐकविली. भारनियमनाचे दिवस होते; वीज रात्री उशिरा यायची, तीही पंपांसाठी. ते ओट्यावर बसून ऐकत राहिले. मेंडोलिनचा एक लांब स्वर हळूहळू खाली उतरला तेव्हा म्हणाले, “गुरुजी, ह्याची तार मरत नाही हो.” मी विचारले, “दादा, तुमच्या बेंजोलाही वीज होतीच ना?” तर म्हणाले, “होती की. पण आमच्या कळीला दाबता येतं, ओढता येत नाही. आणि खरं सांगू का, ओढून तरी काय करणार? लोकांना आवाज पाहिजे होता. सूर कोणी मागितलाच नाही.” मोठमोठ्या समीक्षकांनी या तबकडीवर काय लिहिले असेल ते असो, मला या तीन वाक्यांपुढे फारसे जाता आलेले नाही.

आता तबकडीकडे. तिच्यावर चारच रचना आहेत: ‘लुकी’, ‘शृंगार’, ‘गिरिराज सुधा’ आणि ‘बेल’अल्ला’. त्यांतली ‘शृंगार’ पंचवीस मिनिटांहून मोठी आहे, आणि माझ्या मते ही सारी तबकडी तिच्यासाठीच जपून ठेवावी. रचना पंडित शिवकुमार शर्मा यांची. वादनात त्यांचा संतूर आणि मॅक्लॉफ्लिन यांची गिटार समोरासमोर येतात. संतूरची कथा मेंडोलिनच्या कथेची थोरली बहीण आहे. काश्मिरातील हे शततंत्री वाद्य दोन लाकडी कलमांनी वाजवायचे; प्रत्येक आघात सुटा, टपोरा, आणि पडताच विरणारा. १९५५ साली मुंबईच्या हरिदास संगीत संमेलनात त्यांनी ते रागदारीसाठी प्रथम पुढे आणले, तेव्हा जाणकारांनी आक्षेप घेतला तो हाच, की याच्यावर मींड कशी निघणार. शिवकुमारांनी विजेकडे धाव घेतली नाही. त्यांनी कलम तारांवर हलकेच सोडून द्यायला शिकविले, म्हणजे ते स्वतःच्या वजनाने थरथरत पुढे घसरते आणि सुट्या ठिपक्यांची एक सलग रेघ होते. एकाच दुखण्यावरचे हे दोन उपाय. एक हाताचा, दुसरा विजेचा.

‘शृंगार’मध्ये हे दोन उपाय एकमेकांशेजारी ऐकायला मिळतात. संतूर बोलतो ते ठिपक्यांनी. गिटार त्याच ठिपक्यांमधून एक बारीक धागा ओवीत जाते. विजेची गिटार असून ती येथे इतकी हळू आहे की तिच्यातली वीज विसरायला होते, आणि स्वर मात्र विजेशिवाय इतका टिकता ना. महाविष्णूच्या काळात आभाळ फोडणारा हा वादक, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, संतूर विरून गेल्यावर उरलेली जागा भरू नये इतपत समजूत दाखवितो. ती जागा तो रिकामी राहू देतो. या संथ भागात समोर सभागृह आहे हे जवळजवळ विसरायला होते. आणि मैफलीच्या मुद्रणात सभागृहाचा विसर पडणे ही मी त्या सभागृहाची सर्वांत मोठी कामगिरी समजतो. मुंबईच्या श्रोत्याने येथे नुसते ऐकले. त्याच्या ऐकण्याने वादकांना घाई करावी लागली नाही. स्टुडिओत इतका वेळ कोणी दिला असता, असे मला वाटत नाही. तेथे समोर घड्याळ असते, माणूस नसते.

वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’ या १९६१ च्या ग्रंथात घराण्यांची जी मांडणी केली, ती येथे आठवते. स्वर हे एक टोक आणि लय हे दुसरे. किराणा स्वराकडे झुकलेला, आग्रा लयीकडे, आणि जयपूर दोहोंचा तोल सांभाळणारे. ख्यालासाठी केलेली ही मांडणी गिटार-मेंडोलिनला लावणे थोडे धाडसाचे आहे, पण ती लागू पडते. या तबकडीचा एक पाय स्वराच्या टोकावर आहे आणि दुसरा लयीच्या. मधे कोणी उभे नाही.

लयीच्या टोकावर काय आहे ते सांगायला फार जागा नको. तबला आहे, विनायकरामांचे चिरंजीव सेल्वागणेश यांची खंजिरी आहे, शिवाय पखवाज, ढोलक, तविल, तौफिक कुरेशी आणि शिवमणी यांची नाना वाद्ये. प्रत्येक जण आपापल्या जागी असामान्य आहे यात शंका नाही. झाकीर हुसेन यांचा एक हलका बाया या तबकडीवर असा काही घुमतो की तेवढ्यासाठी मागे जाऊन पुन्हा ऐकावे. पण एवढी चर्मवाद्ये एकत्र आली की सवाल-जवाब अटळ होतात, आणि सवाल-जवाब म्हटले की दोन्ही बाजूंना जिंकायचे असते. कलगी-तुऱ्याच्या फडात ते शोभते, कारण तेथे सवालाला अर्थ असतो आणि जवाब न सुचणाऱ्याची फजिती असते. येथे जवाब सर्वांनाच सुचतो. मग वेग वाढतो, तिहाया लांबतात, आणि टाळ्या अगदी ठरल्या जागी पडतात. आम्ही नाशिक जिल्ह्याची माणसे. नाशिकच्या ढोलाचे नाव पार केरळपर्यंत गेले आहे. ढोलांच्या जथ्याने अंगात काय संचारते हे आम्हांला सांगावे लागत नाही. पण त्या ढोलाला रस्ता लागतो, गुलाल लागतो, चालणारे पाय लागतात. खुर्चीत बसलेल्या माणसासाठी तोच जोर उसना वाटू लागतो. हीच ती शुक्रवारची आरोळी, येथे शनिवारी पुन्हा ऐकू येते. श्रोत्यामुळे वादन उंचावते तसे ते सोपेही होते. दोन्ही पुरावे या एकाच तबकडीवर आहेत.

‘गिरिराज सुधा’ ही चौघींतली धाकटी रचना. मूळ कृती त्यागराजांची, ‘गिरिराजसुता तनया’; गिरिराजाच्या कन्येचा पुत्र म्हणजे आपला गणपती. छापताना ‘सुता’ची ‘सुधा’ झाली, आणि पार्वतीचे अमृत झाले! दक्षिणेकडे रोमन लिपीत त-द, थ-ध यांची जी सरमिसळ चालते तिच्यात देवालाही आई गमवावी लागते. त्यागराज (१७६७–१८४७) तिरुवैयारूचे, म्हणजे तंजावरच्या भोसल्यांच्या मुलखातले. सरफोजीराजांच्या दरबाराचे बोलावणे त्यांनी नाकारले अशी आख्यायिका आहे, आणि मराठी माणसाने ती जरा मान खाली घालून ऐकावी. ही कृती येथे गातात शंकर महादेवन. कूळ तमिळभाषक केरळी, बालपण चेंबूरचे, कर्नाटक संगीताच्या तालमीबरोबर श्रीनिवास खळे यांच्याकडचे शिक्षण. पुढे ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) मधून ते मराठी घराघरांत गेले. पण २००० साली त्यांची ओळख होती ती श्वास न घेता गायल्यासारख्या एका गाण्याची. या मैफलीतही त्यांच्या सरगमला वेग आहे, लखलखाट आहे. मला मात्र त्यात मोलाचा वाटतो तो एक साधा योगायोग. गळा आणि मेंडोलिन एकाच ओळीवरून एकामागोमाग जातात, आणि गळा जेथे आपसूक वळतो तेथेच तारही वळते. सुब्बराजूंनी गाऊन शिकविलेल्या मुलाचे वाद्य येथे पुन्हा गाणाऱ्याच्या शेजारी येऊन बसलेले आहे. खळ्यांच्या शिष्याला शब्द कोठे सोडावा ते ठाऊक आहे. एक-दोन जागी तो वेग आवरता घेतो, आणि त्या जागा त्या द्रुत तानांहून जास्त लक्षात राहतात.

शेवटच्या तुकड्याच्या नावात ‘अल्ला’ येतो. झाकीर हुसेन यांचे वडील, उस्ताद अल्लारखाँ, ३ फेब्रुवारी २००० रोजी मुंबईत वारले होते. मैफल त्याच वर्षाच्या डिसेंबरातली. हा संबंध मनातून काढून टाकणे मला जमत नाही, आणि त्यामुळे ज्या चर्मवाद्यांच्या गर्दीविषयी मी वर कुरकुर केली तिच्याविषयी येथे थोडा मवाळ होतो. तबलजीच्या घरात माणूस गेले तर त्याच्या गावी दहा तालवाद्ये जमावीत, हे रीतीला धरूनच आहे.

‘फ्यूजन’ या शब्दाचा जो राग शुद्धतावाद्यांना येतो त्याची चर्चा मी मुद्दाम केली नाही. हार्मोनियम आणि व्हायोलिन पचविलेल्या संगीताने मेंडोलिनपाशी सोवळे नेसण्यात अर्थ नाही. आक्षेप घ्यायचाच तर मुद्रणाच्या निवडीवर घ्यावा. ‘शृंगार’सारखा आणखी एक संथ तुकडा, तोही श्रीनिवास यांच्या मेंडोलिनला मध्यावर ठेवून, या तबकडीत असायला हवा होता. ज्या वाद्याने प्रश्न सर्वांत नेमका सोडविला, त्याला येथे विस्ताराने, एकट्याने, सावकाश बोलायला मिळालेले नाही. इतरांच्या गर्दीत ते वारंवार चमकते आणि बाजूला होते.

ती संधी आता परत येणार नाही. श्रीनिवास १९ सप्टेंबर २०१४ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. शिवकुमार शर्मा १० मे २०२२ रोजी, झाकीर हुसेन १५ डिसेंबर २०२४ रोजी. ‘शक्ती’ने २०२३ मध्ये ‘धिस मोमेंट’ ही तबकडी काढली आणि २०२४ मध्ये तिला ग्रॅमी मिळाले, त्याचा आनंद वर्तमानपत्रांतून पुष्कळ साजरा झाला. ती मैफलीची नव्हे, स्टुडिओतली आहे, आणि तिच्यात मेंडोलिन नाही. गणेश राजगोपालन यांचे व्हायोलिन आहे. व्हायोलिन सुरेखच आहे. पण व्हायोलिनला गज असतो. स्वर संपेल ही भीती त्याला जन्मापासून नाही.